डीपीचा डीपी

मोबाईलवर वाढलेल्या पोरांना 'डीपी' म्हटलं की व्हॉट्सअ‍ॅपवरचा गोल फोटो आठवतो. आमच्या उमरखेडला मात्र डीपी म्हणजे रस्त्याच्या कडेला दोन खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्या खालची लोखंडी पेटी. कुणी त्याचा विस्तार 'डबल पोल' असा सांगतं, कुणी 'डिस्ट्रिब्युशन पॉइंट' असा. पण विस्तार विचारायची वेळच कुणावर येत नाही. "डीपी जळाली" एवढे दोन शब्द अख्ख्या गल्लीला पुरतात. आज नळाला पाणी नाही, पिठाची गिरणी बंद, कूलर बंद, हे सगळं त्यात आलं.

तर या शनिवार-रविवारचा विषय आहे डीपीचा डीपी, म्हणजे त्या लोखंडी पेटीवरचं चित्र.

निमित्त साधं आहे. अधूनमधून बातमी येते, की अमुक शहरात सिग्नलच्या पेट्या, विजेचे फीडर पिलर, टेलिफोनचे कॅबिनेट कलाकारांनी रंगवून काढले. सोबत फोटो. कुठे मोर, कुठे वाघ, कुठे वारली पद्धतीची नाचणारी माणसं. मग दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया येतात. एक, "व्वा, किती सुंदर! परदेशात असतं तसं." दुसरी, "आधी लाईट द्या, मग चित्रं काढा." मला दोन्ही अर्धवट वाटतात. कारण दोघांनीही गृहीत धरलंय की पेटी आजवर कोरी होती आणि चित्र आता नव्यानं आलं. तसं नाहीये. आपल्याकडे पेटीवर चित्र फार आधीपासून आहे, आणि ते कुणाच्या हौसेनं नाही, कायद्यानं आलेलं आहे.

पण आधी पेटीबद्दल थोडं. (मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे वायरमन मंडळींनी चूकभूल द्यावी घ्यावी.) वरून ११ हजार व्होल्टची लाईन येते. ट्रान्सफॉर्मर त्याचे चारशेच्या आसपास व्होल्ट करतो. तिथून वायरी खालच्या पेटीत येतात, पेटीत चिनीमातीचे 'किटकॅट' फ्यूज असतात, आणि त्यांच्यातून गल्लीगल्लीला लाईन जाते. वरच्या बाजूला ड्रॉप-आउट फ्यूज असतो, त्याला आपण 'डीओ' म्हणतो. "डीओ उडाला" हे वाक्य आमच्याकडे चौथीतलं पोरगंही बोलतं. मोठ्या शहरात वायरी जमिनीखालून जातात, त्यामुळे तिथे खांबाऐवजी फुटपाथवर उभं कपाट असतं, तो फीडर पिलर. सिग्नलची पेटी, टेलिफोनची पेटी, सगळ्यांची जात एकच. दुरुस्तीवाल्याला रात्री-बेरात्री पटकन हात घालता यावा म्हणून ती रस्त्यावर हवी, आणि इतर कुणी हात घालू नये म्हणून ती बंद हवी. रस्त्यावर सगळ्यांसमोर उभी, पण उघडायची मुभा एकालाच. अशा वस्तूला मालक असूनही ती बेवारशी दिसते. मग तिच्यावर पानाच्या पिचकाऱ्या पडतात, मूळव्याधीच्या इलाजाचे आणि शिकवणीचे कागद चिकटतात.

रस्त्यावरची पेटी दिसावी की दिसू नये, हा वाद तसा जुनाच. इंग्लंडात टपालाच्या उभ्या पेट्या १८५० च्या दशकात आल्या. १८५९ मध्ये त्यांचा नमुना ठरला तेव्हा रंग निवडला हिरवा, का तर आजूबाजूच्या झाडाझुडपात ती खुपू नये. पेटी इतकी बेमालूम मिसळली की लोकांना सापडेना! शेवटी १८७४ पासून लाल रंग सुरू झाला, आणि सगळ्या पेट्या रंगवून व्हायला दहाएक वर्षं लागली. आपल्याकडची टपालपेटी लाल आहे ती त्याच परंपरेतली. म्हणजे रस्त्यावरच्या पेटीचा रंग हा नुसता शोभेचा मामला कधीच नव्हता. पेटीने कुणाशी आणि काय बोलायचं, हा तो प्रश्न होता.

आता आपल्या डीपीकडे. भारतीय विद्युत नियम, १९५६. त्यातला ३५ वा नियम धोक्याच्या सूचनेबद्दल होता. ठरावीक दाबाच्या वरच्या प्रत्येक विद्युत संचावर, ठळक दिसेल अशा जागी, कायमची पाटी लावायची. मजकूर हिंदीत किंवा इंग्रजीत आणि शिवाय त्या जिल्ह्याच्या स्थानिक भाषेत. आणि सोबत कवटी व हाडांचं चिन्ह. ही पाटी कशी असावी याचं वेगळं भारतीय मानकसुद्धा आहे, आयएस २५५१. पुढे ते १९५६ चे नियम गेले, २०१० साली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे नवे सुरक्षा नियम आले, त्यांच्या जागी २०२३ मध्ये आणखी नवे आले. २०१० च्या नियमांतही ही कवटीची अट होतीच.

मला या नियमाचं फार कौतुक वाटतं. तो लिहिणाऱ्या माणसाच्या डोळ्यापुढे कोण होतं ते बघा. १९५१ च्या जनगणनेत देशात लिहिता-वाचता येणारे १८ टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे 'सावधान' हा शब्द कितीही मोठा लिहिला तरी पाचातल्या चौघांना तो वाचता येणार नव्हता. म्हणून दोन भाषा आणि एक चित्र. आमच्या धंद्यात हल्ली याला मोठमोठी नावं आहेत, त्यावर परिषदा भरतात. इथे एका कंटाळवाण्या सरकारी नियमात एका ओळीत काम झालंय, वाचता न येणाऱ्यालाही कळलं पाहिजे. आणि तो नियम देशभरच्या खांबाखांबावर, पेटीपेटीवर पोचला. रस्त्यावरच्या पेट्यांवर चित्र काढायचा देशातला सगळ्यात मोठा उपक्रम कुठला, असं कुणी विचारलं तर मी ही कवटी सांगेन.

आमच्या भागाचा हिशोब सांगायचा तर यवतमाळ जिल्हा आधी मध्य प्रांत आणि वऱ्हाडात, मग मध्य प्रदेशात, १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. त्याच वर्षी २० जूनला महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं. ६ जून २००५ ला त्याच्या कंपन्या झाल्या आणि वाटपाचं काम महावितरणकडे आलं. गावात मात्र लोक अजून 'एमएसईबी' नाहीतर नुसतं 'बोर्ड' म्हणतात. राज्यं बदलली, मंडळ गेलं, कंपनी आली, पाटीवरची कवटी तीच राहिली.

पण ही कवटी एकटी नव्हती. त्याच काळात गावातल्या भिंतींवर सरकारचं बरंच काही उमटत होतं. जनगणनेला येणारे दारावर गेरूने घरांक टाकून जायचे. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ मध्ये तो निर्मूलनाचा झाला. डीडीटी फवारणारे लोक फवारणी झाली की घराच्या भिंतीवर तारीख लिहून जायचे. म्हणजे घराच्या दर्शनी भिंतीवर त्या घराची सरकारदरबारी नोंद! आज आम्ही डेटाबेसमध्ये 'शेवटची भेट कधी' असा रकाना ठेवतो, तेव्हा तो रकाना भिंतीवर होता.

मग साठच्या दशकात आला लाल त्रिकोण. कुटुंबनियोजनाचा उलटा लाल त्रिकोण आणि चार हसरे चेहरे, आई-बाप-मुलगा-मुलगी. कुटुंबनियोजन खात्यातले दीप त्यागी हे या मोहिमेमागचं मुख्य डोकं. त्यांचा विचारही कवटीवाल्यासारखाच होता. देशात भाषा पन्नास, वाचणारे थोडे, तेव्हा असं चिन्ह हवं की गावातल्या साध्या पेंटरला चुन्याच्या भिंतीवर काढता येईल आणि रस्त्यानं बैलगाडीतून जाणाऱ्याला दुरून ओळखता येईल. ते काढायला सोपं होतं म्हणून पसरलं. दवाखान्यावर, एसटी स्टँडवर, शाळेच्या भिंतीवर, सगळीकडे. त्या मोहिमेबद्दल, विशेषतः आणीबाणीतल्या सक्तीबद्दल, बोलण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते काही चांगलं नाही. पण चिन्ह म्हणून ते जबरदस्त होतं हे मान्य करावं लागतं.

सरकारच्या जोडीला बाजार आलाच. गाय छाप जर्दा, साबण, सिमेंट, बियाणं, खतं. (तंबाखूच्या जाहिरातींवर बंदी आणणारा २००३ चा कायदा यायच्या आधीची ही गोष्ट.) आमचा भाग कापसाचा, त्यामुळे बियाण्यांच्या जाहिराती भरपूर. १९७६ साली अकोल्याला महाबीज सुरू झालं तेव्हापासून बियाण्याचं नाव भिंतीवर वाचणं हे शेतकऱ्याच्या अंगवळणी पडलेलं. २०००-०१ मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकास मंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, आणि खेड्याखेड्यातल्या भिंती स्वच्छतेच्या घोषवाक्यांनी भरल्या. गाडगेबाबा तर आमच्या वऱ्हाडातलेच, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. हातात खराटा आणि डोक्यावर गाडगं अशी त्यांची आकृती इतक्या भिंतींवर निघाली, की चार रेघांत ती ओळखू यावी.

आता मुद्द्याचा माणूस. हे सगळं रंगवत कोण होतं? गावातला पेंटर.

पेंटर ही मराठीत नुसती नोकरी नाही, ती पदवी आहे. डॉक्टर, मास्तर, पेंटर. आडनाव विसरलं जातं, पेंटर उरतं. याचं सगळ्यात मोठं उदाहरण कोल्हापूरचे बाबूराव पेंटर. मूळ आडनाव मेस्त्री. नाटकांचे पडदे रंगवता रंगवता हा माणूस सिनेमाकडे वळला, भाऊ आनंदराव यांच्यासोबत कॅमेरा बनवायच्या खटपटीला लागला, आनंदराव १९१६ मध्ये गेले तरी थांबला नाही, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२० मध्ये 'सैरंध्री' आणला. त्यांच्या १९२४ च्या 'कल्याण खजिना'चं पोस्टर हे आज शिल्लक असलेल्या सगळ्यात जुन्या भारतीय सिनेपोस्टरांपैकी एक मानलं जातं. दिग्दर्शक झाले, नाव झालं, तरी शेवटपर्यंत नावात पेंटरच. दुसरं नाव एम. एफ. हुसेन. जन्म पंढरपूरचा, आणि तरुणपणी मुंबईत सिनेमाची होर्डिंगं चौरस फुटाच्या दरानं रंगवलेली. पुढे त्यांच्या चित्रांना कोट्यवधी मिळाले ते वेगळं. सुरुवात शिडीवरून झाली होती.

तालुक्याच्या गावातला पेंटर यातलं काही होत नाही. पण काम तेच करतो. भिंतीला आधी चुना. मग दोरी निळीत किंवा खडूच्या पुडीत बुडवून दोन टोकांना धरायची आणि मधून उचलून सोडायची, सरळ रेघ उमटते. मोठं चित्र असलं की कागदावरच्या छोट्या चित्रावर चौकोन पाडायचे, भिंतीवर तितकेच मोठे चौकोन पाडायचे, आणि एकेक चौकोन उतरवत जायचा. लोखंड असेल तर आधी रेड ऑक्साइड, नाहीतर गंज वर येतो. मग ऑइल पेंट. उन्हाकडे बघून कामाची वेळ ठरवायची, कारण विदर्भातल्या मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर ब्रश चालवणं म्हणजे तव्यावर हात ठेवणं. शेवटी खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं नाव आणि पुढे 'आर्ट्स'. ती सही म्हणजेच त्याचं व्हिजिटिंग कार्ड.

त्याच्या मोसमाचं गणितही पक्कं होतं. पेरणीच्या आधी बियाणं-खतांच्या भिंती, गणपती-दुर्गोत्सवात मंडळांचे पडदे, दिवाळीत दुकानांच्या पाट्या, लग्नसराईत नावांचे फलक, अधूनमधून ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि नंबर प्लेटा. आणि दर निवडणुकीला दिवाळी वेगळीच. एकच पेंटर एकाच भिंतीवर आज एकाचं चिन्ह काढी आणि समोरच्या भिंतीवर उद्या दुसऱ्याचं. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

हे सगळं संपलं कसं? लोक म्हणतात 'फ्लेक्स आला आणि पेंटर गेला'. ते खरंय, पण पुरतं नाही. फ्लेक्सच्या आधी दोन फटके बसले होते. पहिला टी. एन. शेषन यांचा. १९९० ते १९९६ ते मुख्य निवडणूक आयुक्त होते आणि त्यांनी आचारसंहिता खरोखरच लागू करून दाखवली. भिंती रंगवण्यावर टाच आली. दुसरा, मालमत्तेचं विद्रूपीकरण रोखणारा महाराष्ट्राचा १९९५ चा कायदा. दोन्ही गोष्टी नागरिक म्हणून बघितल्या तर योग्यच. कुणाच्याही घराच्या भिंतीवर कुणीही यावं आणि चिन्ह काढून जावं, हे काही बरं नव्हतं. पण पेंटरच्या वर्षातला सगळ्यात मोठा हंगाम त्यात गेला.

आणि मग २००० नंतरच्या दशकात फ्लेक्स. संगणकावर डिझाइन, तासाभरात छपाई, दहा बाय दहाचा फोटोसहित फलक दुपारी टाकला की संध्याकाळी चौकात. पेंटरला जिथे तीन दिवस लागायचे तिथे तीन तास. शिवाय पेंटरने काढलेला भाऊंचा चेहरा भाऊंसारखा दिसेलच याची खात्री नाही, फ्लेक्सवर भाऊ शंभर टक्के भाऊच दिसणार, वर थोडे गोरेही. वाढदिवसाच्या शुभेच्छांनी चौक भरून गेले. कायद्याने भिंत वाचवली आणि आभाळ फ्लेक्सने झाकलं, असं झालं. शेवटी २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला राज्यभरातल्या बेकायदा फलकांविरुद्ध सविस्तर आदेश द्यावे लागले.

पेंटर मंडळींचं काय झालं? काहींनी रेडियमचं कटिंग सुरू केलं. काहींची पोरं फ्लेक्सच्याच दुकानात डिझाइनला बसली, आणि ती बरी निघाली, कारण अक्षर कुठे मोठं करायचं हे त्यांना घरात शिकायला मिळालं होतं. काही घरांना डिस्टेंपर मारायच्या कामाला लागले. आमच्या क्षेत्रात एखादी तंत्रभाषा जुनी झाली की लोक सहा महिन्यांत दुसरी शिकतात, निदान कंपनी शिकायला तरी पाठवते. यांना कुणी पाठवलं नाही.

इथवर आपण गावात होतो. आता जरा मोठ्या शहरांकडे जाऊ, कारण चित्रांची परतफेरी तिकडून सुरू झाली.

पेट्या रंगवायच्या बाबतीत ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनचं नाव नेहमी घेतलं जातं. तिथे १९९९ पासून सिग्नलच्या पेट्या स्थानिक लोकांकडून रंगवून घेण्याचा उपक्रम सुरू झाला. मूळ हेतू अगदी व्यवहारी होता, पेट्यांवर रेघोट्या मारणं आणि कागद चिकटवणं थांबावं. कोऱ्या पेटीवर कुणीही काहीही खरडतो, चित्र काढलेल्या पेटीवर खरडायला हात जरा कचरतो. पुढे बऱ्याच शहरांनी ही कल्पना उचलली.

आपल्याकडे मात्र सुरुवात पेट्यांनी नव्हे, भिंतींनी झाली. मुंबईत ऑगस्ट २००९ मध्ये 'द वॉल प्रोजेक्ट'वाले आणि महापालिका यांनी मिळून तुळशी पाइप रोडच्या कडेची रेल्वेची भिंत लोकांना रंगवायला दिली. माहीम-दादरच्या बाजूची ती अडीच किलोमीटरच्या वरची लांबलचक भिंत. शेकडो लोक ब्रश घेऊन आले. पुण्यात २०१२ च्या सुमारास हर्षवर्धन कदम यांच्या 'पुणे स्ट्रीट आर्ट प्रोजेक्ट'नं कसबा पेठेतल्या जुन्या भिंतींवर चित्रं काढली.

माझं आवडतं उदाहरण २०१४ चं आहे. वांद्रे रेक्लमेशनला एमटीएनएलची भली मोठी इमारत आहे. टेलिफोनचीच इमारत, म्हणजे एका अर्थी टेलिफोनची पेटीच, फक्त शंभर फुटांहून उंच. तिच्या भिंतीवर रणजित दहिया यांनी दादासाहेब फाळक्यांचं प्रचंड चित्र काढलं. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' काढणारा माणूस, मुंबईत शिरणाऱ्या गाड्यांकडे बघत असलेला. आणि काढणारा कोण? दहिया मूळचे हरियाणातल्या सोनीपतकडचे, घरांना रंग देण्याच्या कामापासून सुरुवात केलेले, मग चंदीगडला आणि अहमदाबादच्या एनआयडीत शिकलेले. पुन्हा तीच वाट, चुन्याची बादली ते भिंतीवरचं चित्र. फरक इतकाच की मधे कुणीतरी त्याला शिकायची संधी दिली.

तालुक्याच्या गावापर्यंत ही लाट पोचली ती कलेच्या नावानं नाही, स्वच्छतेच्या नावानं. २०१६ मध्ये स्वच्छ सर्वेक्षण सुरू झालं तेव्हा त्यात ७३ शहरं होती. २०१८ मध्ये ती चार हजारांवर गेली, म्हणजे लहान नगरपरिषदाही स्पर्धेत आल्या. शहराला गुण मिळणार म्हटल्यावर भिंती रंगू लागल्या. २०२० पासून राज्य सरकारचं 'माझी वसुंधरा'ही जोडीला आलं. ओला कचरा, सुका कचरा, झाडं लावा, आणि गांधीजींचा चष्मा. या चष्म्याचं बोधचिन्ह २०१४ च्या खुल्या स्पर्धेतून निवडलेलं, आणि ते काढणारे अनंत खासबारदार कोल्हापूरचे! बाबूराव पेंटरांच्या गावचे. लाल त्रिकोणासारखंच तेही साधं आहे, दोन गोल आणि मधे पूल, कुठल्याही पेंटरला दोन मिनिटांत काढता येईल असं.

म्हणजे पेंटरच्या हातात पुन्हा ब्रश आला. पण आला तो कसा? बहुतेक ठिकाणी मजकूर वरून येतो, नमुना वरून येतो, दर निविदेतून ठरतो, आणि सर्वेक्षणाची तारीख गेली की रंग उडाला तरी कुणी विचारत नाही. चित्र गावाशी बोलायच्या ऐवजी तपासायला येणाऱ्याशी बोलतं. कवटीच्या आणि त्रिकोणाच्या बाबतीत निदान डोळ्यापुढे गावातला माणूस होता.

आता परत आपल्या डीपीकडे या. समजा, उद्या कुणी ठरवलं की उमरखेडच्या डीपीच्या पेट्या रंगवायच्या. मी विरोध करणार नाही. पण कल्पनेत उत्साह आहे तेवढंच त्यात जोखमीचं काहीतरी आहे, आणि ते बोललंच पाहिजे.

आपल्या तालुक्यांमधल्या कितीतरी पेट्यांना झाकणच धड नसतं. दार निखळलेलं, कडी तुटलेली, किटकॅट उघडे, फ्यूजच्या जागी जाड तार गुंडाळलेली. लहान मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर. पावसाळ्यात खाली चिखल, आणि त्यात ओल्या अंगाची जनावरं. अशा पेटीवर तुम्ही फुलपाखरू काढलं तर काय होईल? पोरगं जवळ येईल. शहरातला फीडर पिलर कुलूपबंद असतो, तिथे चित्र लोकांना जवळ बोलावतं ते बरंच आहे. उघड्या पेटीवर तेच चित्र जीव घेऊ शकतं. १९५६ च्या नियमाने मुद्दाम भीती वाटेल असं चित्र निवडलं होतं, आणि त्या चित्राचं काम संपलेलं नाही. आजही पेटीजवळ जाणाऱ्यांत वाचता न येणारे असतातच, सगळ्यात आधी चार वर्षांचं पोर.

म्हणून माझी यादी अशी. आधी झाकण, कडी, कुलूप. रंग त्यानंतर. कवटी आणि 'सावधान'ची पाटी जशीच्या तशी ठेवायची, तिच्यावरून ब्रश फिरवायचा नाही, चित्रात तिला 'बसवायचं'ही नाही. तिच्याभोवती कोरी जागा सोडायची. ट्रान्सफॉर्मरचा कोड क्रमांक लिहिलेला असतो तो झाकायचा नाही, कारण रात्री दोन वाजता पावसात बॅटरी घेऊन आलेला वायरमन तोच शोधतो. हवा जायला जाळी असते ती रंगानं बुजवायची नाही. गडद रंग टाळायचे, आपल्याकडचं ऊन पेटी तशीही तापवतंच. आणि महावितरणची लेखी परवानगी घ्यायची, काम चालू असताना लाईन बंद ठेवायची. पेटी गावात असली तरी गावाची नाही.

आणि रंगवायला कुणाला बोलवायचं? शाळेतली पोरं आणि हौशी मंडळी जरूर येऊ देत, पण कुंपणाच्या, शाळेच्या भिंतीपाशी. पेटीवर मात्र पेंटर हवा. लोखंडाला आधी रेड ऑक्साइड लागतं हे ज्याला सांगावं लागत नाही तो. त्याला चौरस फुटाच्या दरानं पैसे द्यावेत, चहा आणि हार नव्हे. आणि उजव्या कोपऱ्यात सही करू द्यावी. मोठ्या शहरांतल्या चित्रांखाली कलाकाराचं नाव असतं, मग इथे का नको?

काय काढावं याची तर आमच्याकडे ददातच नाही. पुसद-उमरखेड भाग म्हणजे बंजारा तांड्यांचा. आरसे आणि कवड्या लावलेलं त्यांचं भरतकाम बघा, चौकोन, त्रिकोण, टाक्यांच्या रांगा. चौकोन पाडून उतरवायला याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, आणि ते बघून पोरगं पेटीला हात लावायला धावणार नाही. पोळ्याला बैलाच्या अंगावर उठवतात ते गेरूचे ठसे, शिंगांचे पट्टे, झुलीवरची नक्षी. हीसुद्धा सार्वजनिक कलाच आहे, फक्त ती चार पायांवर गावातून फिरते आणि तिला आपण कधी असं नाव दिलं नाही. आणि हो, एका बाजूला सरळ अक्षरात लिहावं, या डीपीवर कुठल्या गल्ल्या आहेत आणि तार तुटली तर फोन कुठे करायचा. पेंटरचं अक्षर दुरून वाचता येतं, उन्हातही वाचता येतं. कुठल्याही अ‍ॅपपेक्षा ते जास्त लोकांच्या उपयोगी पडेल, असं मी अ‍ॅप बनवणाराच म्हणतोय.

मला एवढंच दिसतं, की पेटीवरचं चित्र चांगलं की वाईट हे त्याच्या सुंदर असण्यावर ठरत नाही. ते कुणासाठी काढलंय आणि काढणाऱ्याला त्याचं मोल मिळालं का, यावर ठरतं. कवटी काढणाऱ्याने वाचता न येणाऱ्याचा विचार केला होता. लाल त्रिकोणवाल्यानं साध्या पेंटरच्या हाताचा विचार केला होता. फ्लेक्सवाल्याने फक्त भाऊंचा केला. आपण काढू त्यात निदान पहिल्या दोघांइतका तरी विचार असावा.

तुमच्या गल्लीतली डीपी आज-उद्या जाता-येता जरूर बघा. आधी झाकण आहे का बघा. मग कवटी दिसते का बघा. दोन्ही असतील तर रंगाचं बोलू. झाकण नसेल तर आधी बोर्डात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.